दुधाच्या वेळेला सुई

२०२३ सालच्या एप्रिल महिन्यातली गोष्ट. कोल्हापूर जिल्ह्यातल्या पंचगंगेकाठच्या एका गावात उसाचे पाचट न जाळता सरीतच कुजवण्याचे प्रात्यक्षिक होते. ते आटोपून मी एका शेतकऱ्याच्या सोप्यात ताक घेत बसलो होतो. घरात माणसे दोनच. साठी ओलांडलेले आबा आणि त्यांच्या कारभारीण. त्यांना सारी गल्ली मामी म्हणते. मुलगा पुण्याला नोकरीत. उंबऱ्याजवळ त्यांची आठ वर्षांची कुत्री ठकी पडली होती.

ताकाचा पेला खाली ठेवतो तोच मामींनी विचारले, "सायेब, मुंग्यांवर टाकायची पावडर हाय का तुमच्याकडं? परड्यात लई मुंग्या झाल्यात."

मी परड्यात जाऊन पाहिले. मुंग्या सगळीकडे नव्हत्या. ठकी जिथे लघवीला बसे त्या चार-पाच जागांवरच त्यांची रांग लागली होती. मी परत येऊन ठकीकडे नीट पाहिले. पाठीचा कणा वर आलेला, फासळ्या मोजून घ्याव्यात अशा. मी विचारले, "खाती काय हो ही?"

"खायाला काय कमी न्हाई," मामी म्हणाल्या. "दोन भाकरी खाती आन् परत मागती. म्हशीच्या टपातलं पाणी पिऊन टाकती. तरी वाळतच चाललीया."

माझ्या वडिलांना मधुमेह होता, त्यामुळे लक्षणे माझ्या ओळखीची होती. लघवीला मुंग्या लागण्याची खूण तर आपल्या जुन्या आयुर्वेद ग्रंथांतही सांगितलेली आहे. पण मी शेतीचा पदवीधर, जनावरांचा डॉक्टर नव्हे. म्हणून पावडरीचा विषय सोडला आणि ठकीला तालुक्याच्या पशुवैद्यकीय दवाखान्यात दाखवा, एवढेच सांगितले.

दुसऱ्या दिवशी आबांचा फोन आला. लघवीत साखर होती आणि रक्तातली साखर चारशेच्या वर. निरोगी कुत्र्याची उपाशीपोटी साधारण ८० ते १२० असते. डॉक्टरांनी सांगितले होते की ठकीला रोज दोन वेळा, बारा-बारा तासांच्या अंतराने, इन्सुलिनचे इंजेक्शन द्यावे लागेल, तेही जन्मभर.

"सायेब, हितं माणसाचं औषध येळेवर हुईना," आबा म्हणाले. "भावकी म्हणती, बाजारच्या दिवशी गाडीत घाला आन् लांब सोडून या."

आठ वर्षे घराची राखण केलेल्या जनावराला परक्या बाजारात सोडून यायचे, ही गोष्ट बोलताना त्यांचाही आवाज बसला होता. पण त्यांची अडचण खोटी नव्हती. मामींच्या डोळ्यांना सिरिंजवरच्या बारीक रेघा दिसत नव्हत्या, आबांचा हात कापत होता, घरात फ्रीज नव्हता आणि आषाढी वारीला तर दोघेही दरसाल चालत जात.

गुरुजी आले वांगे घेऊन

त्या दवाखान्याच्या डॉक्टरांनी एक चांगली गोष्ट केली. शेजारच्या गावात राहणाऱ्या एका निवृत्त प्राथमिक शिक्षकांना त्यांनी निरोप धाडला. या गुरुजींच्या कुत्र्याला हाच आजार झाला होता आणि त्याला त्यांनी तीन वर्षे स्वतःच्या हाताने सुई दिली होती. ते कुत्रे म्हातारे होऊन गेले, पण गुरुजींची सवय गेली नाही. तालुक्यात कुणाच्या कुत्र्याला असा जन्माचा आजार निघाला की डॉक्टर त्यांना सांगतात आणि गुरुजी सायकल काढतात. त्यांच्याबरोबर आणखी चार-पाच जण तयार झाले आहेत. त्यात एक कॉलेजात जाणारी मुलगी आहे, एक शिवणकाम करणाऱ्या ताई आहेत आणि दूध संस्थेचा एक तरुण सेक्रेटरी आहे. संस्था नाही, पावती नाही, फलक नाही. ज्याला जमेल तो जमेल तेवढे करतो.

गुरुजी आबांच्या घरी आले ते पिशवीत दोन वांगी घेऊन. सिरिंजमध्ये साधे पाणी भरून त्यांनी आबांना आणि मामींना वांग्यात सुई टोचायला लावली. मग शेजारच्या घरातली सून बोलावली, तिच्याकडूनही करून घेतले. सुई कशी धरायची, हवेचा बुडबुडा कसा काढायचा, ठकीच्या पाठीजवळची सैल कातडी चिमटीत धरून तिच्याखाली औषध कसे सोडायचे, हे सारे त्यांनी शाळेतल्या पाढ्यांसारखे पुन्हा पुन्हा घोटून घेतले. म्हशीला इंजेक्शन देताना पाहिलेल्या माणसाला ही बारीक सुई म्हणजे काहीच नव्हे. ठकीने मान वळवूनही पाहिले नाही.

आम्ही विस्तार कार्यकर्ते तीस-तीस वर्षे हेच सांगत आलो, की शेतकरी शिकतो तो शेतकऱ्याच्या बांधावर. पुस्तकापेक्षा, भाषणापेक्षा, करून पाहिलेल्या माणसाचा शब्द पटतो. कुत्र्याच्या आजारालाही तोच नियम लागू पडतो, हे मला त्या दिवशी दिसले.

आजार म्हणजे नेमके काय?

पोटात जठराच्या मागे स्वादुपिंड नावाची ग्रंथी असते. तिच्यातून इन्सुलिन हे संप्रेरक, म्हणजे रक्तातून निरोप पोहोचवणारे द्रव्य, पाझरते. इन्सुलिन असले तरच रक्तातली साखर अंगातल्या पेशींना नीट वापरता येते. ते नसले म्हणजे पाटाला पाणी भरपूर पण सरीची दारे बंद, अशी अवस्था होते. रक्तात साखर तुंबते आणि शरीर उपाशी राहते. म्हणून जनावर खाते खूप आणि वाळत जाते. साखर साधारण १८० ते २०० च्या वर गेली की मूत्रपिंडांना ती आवरत नाही. ती लघवीत उतरते, आपल्याबरोबर पाणी ओढून नेते, आणि मग तहान वाढते.

घरच्या घरी लक्षात यायला एक सोपा हिशोब आहे. कुत्र्याच्या वजनाच्या दर किलोला दिवसात १०० मिलिलिटरहून जास्त पाणी लागत असेल तर काहीतरी बिघडले आहे असे समजावे. म्हणजे दहा किलोचे कुत्रे रोज लिटरभराहून अधिक पाणी पीत असेल तर दवाखाना गाठावा. पाणी मात्र कधीही तोडू नये. तहान हे रोगाचे लक्षण आहे, खोड नव्हे.

हा आजार बहुधा मध्यम वयाच्या आणि म्हाताऱ्या कुत्र्यांना होतो. पिशवी न काढलेल्या कुत्रीला त्याचा धोका अधिक. माजानंतरच्या काही आठवड्यांत तिच्या अंगात जी संप्रेरके वाढतात ती इन्सुलिनचा जोर मोडतात. ठकीची साखर थोडी आटोक्यात येताच डॉक्टरांनी तिचे पिशवी काढण्याचे ऑपरेशन केले ते याचसाठी.

आणखी एक गोष्ट पक्की ध्यानात ठेवावी. माणसांना मधुमेहासाठी गोळ्या देतात म्हणून घरातल्या कुणाची गोळी कुत्र्याला देऊ नये. कुत्र्यांमधला मधुमेह गोळ्यांनी भागत नाही. त्यांना इन्सुलिनच लागते.

गावात बारा तासांचे घड्याळ आहेच

आबांची सर्वांत मोठी अडचण होती वेळेची. शेतकऱ्याला घड्याळ कुठले? पाणी सोडायची पाळी रात्री दोनला येते, ऊसतोड आली की जेवणाचाही ठिकाणा नसतो. याच्यावर तोड दूध संस्थेच्या सेक्रेटरीने काढली.

तो म्हणाला, "आबा, सकाळी साडेसहाला आन् सांजच्याला साडेसहाला तुम्ही दूध घालायला येता का न्हाई? ते कवा चुकलंय? मग त्याच येळंला सुई."

म्हशीची धार बारा तासांनीच निघते, इन्सुलिनही बारा तासांनीच द्यायचे. धार काढली, ठकीला ठरलेले खाणे घातले, तिने ते संपवले की सुई दिली आणि किटली उचलून संस्थेकडे निघाले, असा क्रम बसला. घरात फ्रीज नव्हता म्हणून इन्सुलिनची जादा बाटली संस्थेच्या फ्रीजमध्ये ठेवली. चालू बाटली घरी राहिली. ती ठेवायला मामींनी युक्ती केली. मोठ्या मडक्यात ओली वाळू, वाळूत छोटे मडके, त्यात झाकणाच्या कोरड्या डब्यात बाटली, आणि वरून ओले फडके. सावलीत, वाऱ्याच्या जागी. इन्सुलिन २ ते ८ अंशांच्या थंडाव्यात ठेवणे उत्तम. ठकीला दिले जाते ते माणसांचेच इन्सुलिन. त्याची वापरायला काढलेली बाटली थंड सावलीच्या जागी साधारण चार आठवडे टिकते. मुदत बाटलीवर किंवा आतल्या कागदावर पाहून घ्यावी. उन्हात, चुलीजवळ किंवा मोटारसायकलच्या डिकीत ठेवलेले इन्सुलिन नासते, आणि बर्फात गोठलेलेही वाया जाते.

खाण्याचा प्रश्न साऱ्या गल्लीचा होता. ठकी चार घरी जाई. एका घरी बिस्किट, दुसऱ्या घरी शिळी पुरणपोळी, गुऱ्हाळावर गेली तर गूळ. औषधाचे माप ठरलेले असेल तर खाण्याचेही माप ठरलेले हवे. रोज तेच, तेवढेच, त्याच वेळी. तेव्हा कॉलेजातल्या त्या मुलीने गल्लीतल्या पोरांना गोळा केले आणि ठकीला कुणी काही घालायचे नाही, हे काम त्यांच्यावरच सोपवले. राखणदार झाल्यावर पोरांनी मोठ्यांनाही धारेवर धरले.

एका रात्रीची चूक

सगळे सुरळीत झाले असे वाटले आणि जूनमध्ये वारी आली. आबा-मामींनी वारी सोडायची तयारी केली होती. गुरुजी म्हणाले, "माउलीला तुम्ही भेटा, ठकीला आम्ही बघतो." ठकी शेजारच्या घरी राहिली. सकाळची सुई शेजारच्या सुनेने द्यायची आणि संध्याकाळची गुरुजींनी, असे ठरले.

एका संध्याकाळी पाऊस लागला. गुरुजींना यायला उशीर होतो आहे असे पाहून सुनेनेच साडेसहाला सुई दिली आणि ती धार काढायला गोठ्यात गेली. सव्वासातला गुरुजी भिजत आले. सोप्यात कुणी नव्हते. ठकीने खाल्लेले भांडे रिकामे दिसले. त्यांना वाटले, सुई आपलीच राहिली आहे. त्यांनीही दिली आणि ते गेले.

रात्री दहाच्या सुमारास ठकी झोकांड्या खाऊ लागली. मग आडवी पडून थरथरू लागली. सुनेने गुरुजींना फोन लावला आणि दोघांनाही काय झाले ते एकाच क्षणी कळले. औषध दुप्पट गेले होते. मधुमेहात साखर वाढून जनावर हळूहळू खंगते, पण इन्सुलिन जास्त झाले तर साखर एकदम उतरते आणि जनावर काही तासांत जाऊ शकते.

गुरुजींनी फोनवरच सांगितले, "काकवी घे. बोटाने हिरड्यांना चोळ. ओतू नकोस, नाहीतर श्वासात जाईल." गुऱ्हाळांचा मुलूख, काकवी घरात होतीच. सुनेने ती हिरड्यांना चोळली, पुन्हा चोळली. काही मिनिटांत ठकीने मान उचलली. शुद्धीवर आल्यावर तिला थोडे थोडे खाणे दिले, डॉक्टरांना फोन केला, त्यांच्या सांगण्यावरून रात्रभर जागून तिच्यावर नजर ठेवली आणि पहाटे दवाखान्यात नेले. तिथे साखर तपासून डॉक्टरांनी सांगेपर्यंत पुढची सुई दिली नाही. ठकी वाचली.

वारीहून परतल्यावर गुरुजींनी आबांना सारे जसेच्या तसे सांगितले. एक शब्द झाकला नाही. आबा थोडा वेळ गप्प राहिले, मग म्हणाले, "गुरुजी, ही चूक आमच्या हातनं झाली असती तर आमाला काकवी सुचली नसती."

त्या दिवसापासून ठकीच्या खुंटीला एक वही आणि दोरीला बांधलेली पेन्सिल लटकते आहे. तारीख, वेळ, खाल्ले की नाही, किती युनिट दिले, कुणी दिले. आधी वही पाहायची, मग सुई उचलायची. वहीत नोंद नाही आणि विचारायला माणूसही नाही, अशा वेळी सुई द्यायचीच नाही. एक सुई चुकल्याने जेवढे बिघडते त्याहून दोनदा दिल्याने फार अधिक बिघडते. गुरुजींच्या मंडळींनी ही वही आता तालुक्यातल्या प्रत्येक घरी सुरू केली आहे. तिची पहिली पाने मी स्वतः आखून दिली. खतांच्या हप्त्यांचे तक्ते आखण्यात हयात गेली, त्याचा असाही उपयोग झाला.

मदतीला जाणाऱ्याने सांभाळायच्या गोष्टी

आपल्या गावातही असे कुणी मदतीला उभे राहू इच्छित असेल, तर गुरुजींच्या अनुभवातून आलेल्या या गोष्टी उपयोगी पडतील.

१. औषधाचे माप डॉक्टर ठरवतात. शेजाऱ्याच्या कुत्र्याला चार युनिट लागतात म्हणून आपल्यालाही चार, असे चालत नाही. मदतगाराने माप कधीही बदलू नये.

२. बाटली आणि सिरिंज यांची जोडी जुळते का ते दर वेळी पाहावे. आपल्याकडे इन्सुलिनच्या बाटल्या दोन ताकदींच्या मिळतात, एका मिलिलिटरमध्ये ४० युनिटच्या आणि १०० युनिटच्या. ४० च्या सिरिंजला लाल टोपण असते, १०० च्या सिरिंजला नारिंगी. १०० ची बाटली आणि ४० ची सिरिंज अशी गाठ पडली तर औषध अडीचपट जाते. टोपणाच्या रंगावर न विसंबता सिरिंजवरचा आकडा वाचावा.

३. जनावराने खाल्ले नाही, ओकले, तर नेहमीची पूर्ण सुई देऊ नये. आधी डॉक्टरांना विचारावे.

४. काकवी, मध किंवा साखरेचा घट्ट पाक एका वेगळ्या बाटलीत भरून, बाटलीला लाल दोरा बांधून, घरातल्या सर्वांना माहीत असेल अशा जागी ठेवावा. ती बाटली फक्त साखर उतरल्यावरच उघडायची.

५. कुत्रे सुस्त पडले, खाणे सोडले, वारंवार ओकू लागले, तोंडाला गोडसर उग्र वास येऊ लागला, तर साखर फार वाढून रक्तात विष साचू लागल्याची शक्यता असते. तेव्हा घरचे उपाय करत बसू नये. त्याच दिवशी दवाखाना.

६. माप ठरवताना डॉक्टरांना कधी कधी दिवसभरात दर दोन तासांनी साखर किती आहे ते पाहावे लागते. कानाच्या कडेच्या थेंबभर रक्तावर हे काम घरी होते. माणसांचे यंत्र कुत्र्याची साखर बहुधा खऱ्यापेक्षा कमी दाखवते, म्हणून आकडे डॉक्टरांनाच दाखवावेत. शेतकऱ्याला बारा तास घरी बसता येत नाही; तिथे मदतगाराने बसावे.

७. वापरलेल्या सुया उकिरड्यात टाकू नयेत. उकिरड्यातली सुई शेणखताबरोबर शेतात जाते आणि भांगलणाऱ्या बाईच्या हातात शिरते. त्या जाड, झाकणाच्या डब्यात साठवून दवाखान्यात द्याव्यात.

८. ज्या कुत्र्याला हात लावायचा त्याला रेबीजची लस टोचलेली असावी. तरीही चावा किंवा ओरखडा बसला तर जखम साबणाने वाहत्या पाण्याखाली पंधरा मिनिटे धुऊन लगेच सरकारी दवाखान्यात जाऊन लस घ्यावी.

खर्चाचा हिशोबही मोकळेपणाने सांगावा. ४० युनिटची दहा मिलिलिटरची बाटली म्हणजे ४०० युनिट. एखाद्या कुत्र्याला दिवसाला दहा युनिट लागत असतील तर ती चाळीस दिवस पुरेल, पण उघडल्यावरच्या मुदतीमुळे त्याआधीच बदलावी लागते. तेव्हा बाटली नव्हे, तर शहराच्या खेपा आणि तपासण्या महाग पडतात. गुरुजींची मंडळी म्हणूनच तालुक्यातल्या दोन-तीन कुत्र्यांना एकाच जीपने, एकाच दिवशी नेतात.

सगळेच मधुमेहाचे नसते

जास्त पाणी पिणारे प्रत्येक कुत्रे मधुमेहाचे नसते. मूत्रपिंडांजवळ अधिवृक्क नावाच्या दोन लहान ग्रंथी असतात. त्यांचा स्राव जास्त झाला तर कुत्र्याचे पोट सुटते, दोन्ही कुशींवरचे केस जातात, ते सतत धापा टाकते आणि पाणीही खूप पिते. याला कुशिंगचा आजार म्हणतात. बहुतेक वेळा त्याचे मूळ मेंदूच्या तळाशी असलेल्या पियूषिका ग्रंथीतल्या गाठीत असते. उलट त्याच ग्रंथींचा स्राव कमी पडला तर तो ॲडिसनचा आजार. त्यात कुत्रे कधी ओकते, कधी हगवण लागते, चार दिवस बरे राहते आणि एखाद्या दिवशी एकदम कोसळते. पोट बिघडले म्हणून घरोघर तो अंगावर काढला जातो. थायरॉइड ग्रंथी मंदावली तर कुत्रे जाडावते, सुस्तावते, केस गळतात. तिन्ही आजारांवर औषध आहे, आणि तेही सहसा जन्मभर वेळेवर द्यावे लागते. मदतीची गरजही तशीच.

इथे एक सावधगिरी सांगतो. खाज सुटली म्हणून कुत्र्याला महिनोन् महिने स्टिरॉइडच्या गोळ्या किंवा इंजेक्शने परस्पर दिली जातात. त्यातून कुशिंगसारखाच आजार माणसाच्या हातून ओढवतो, मधुमेह असेल तर साखर भडकते, आणि ती औषधे एकदम बंद केली तर जनावर कोसळू शकते. ती डॉक्टरांच्या सल्ल्यानेच सुरू करावीत आणि त्यांच्याच सल्ल्याने हळूहळू उतरवावीत.

कुत्र्याचे आपल्यावरचे ऋण

"माणसाचं औषध कुत्र्याला कशाला?" हा प्रश्न गुरुजींना प्रत्येक गावात ऐकावा लागतो. त्याचे उत्तर ते गोष्टीने देतात, आणि ती गोष्ट खरी आहे.

१८८९ साली स्ट्रासबुर्ग शहरात फॉन मेरिंग आणि मिंकोव्स्की या दोन संशोधकांनी एका कुत्र्याचे स्वादुपिंड काढले, आणि त्या कुत्र्याला मधुमेह झाला. या आजाराचे मूळ कुठे आहे हे असे कळले. पुढे १९२१ साली कॅनडातल्या टोरांटो विद्यापीठात फ्रेडरिक बँटिंग आणि चार्ल्स बेस्ट यांनी स्वादुपिंडाचा अर्क मधुमेही कुत्र्यांना टोचून त्यांची साखर उतरवून दाखवली. मार्जोरी नावाची त्यांची एक कुत्री या अर्कावर सुमारे सत्तर दिवस जगली. जानेवारी १९२२ मध्ये चौदा वर्षांच्या एका मुलाला पहिले इंजेक्शन मिळाले. कॉलिप या रसायनतज्ज्ञाने अर्क शुद्ध केल्यावर त्याला गुण आला. त्याआधी या आजाराची मुले डोळ्यांदेखत झिजून मरत. १९२३ साली बँटिंग आणि मॅक्लिऑड यांना नोबेल पारितोषिक मिळाले. आज आपल्या घरातला कुणी इन्सुलिनवर चालता-बोलता आहे तो त्या कुत्र्यांच्या जिवावर. मग तेच औषध कुत्र्याला दिले तर ती दया नव्हे, परतफेड आहे.

आपल्याकडे तर नामदेव महाराज भाकरी पळवणाऱ्या कुत्र्यामागे तुपाची वाटी घेऊन धावले, असे आपण कीर्तनात ऐकत आलो. आमच्या मधुमेही कुत्र्यांना मनमानेल तसे तूप चालत नाही. त्यांच्यामागे सुई घेऊन धावावे लागते, एवढाच फरक.

जमले नाही तर

एक गोष्ट न सांगता लेख संपवला तर तो अर्धवट राहील. दोन वर्षांपूर्वी याच मंडळींना एका शेतमजुराच्या घरी जावे लागले. कुत्र्याने तीन दिवस खाल्ले नव्हते, रक्तात विष साचले होते. शहरातल्या दवाखान्यात सलाईनवर ठेवून उपचार करायचे तर काही हजारांचा खर्च, आणि तो करूनही जगेलच याची खात्री नव्हती. घरात मुलीची परीक्षा फी भरायची राहिली होती. डॉक्टरांनी सारे समजावले आणि घरच्यांनी रडत रडत त्याला वेदनेतून सोडवण्याला मान्यता दिली.

त्या दिवशी मदतगारांना करण्यासारखे काही नव्हते असे कुणाला वाटेल. पण शिवणकाम करणाऱ्या ताई त्या घरी सबंध दुपार बसून राहिल्या. "आधी का नाही आणले?" हे वाक्य त्यांनी तोंडून काढले नाही. खड्डा खणायला सेक्रेटरी कुदळ घेऊन आला. गुरुजी मला म्हणाले, "साहेब, सुई द्यायला तर कुणीही शिकेल. ज्याला देता आली नाही त्याला दोष न देणं, हे शिकायला मला वेळ लागला."

सोडून देणे आणि सोडवणे यांत फरक आहे. बाजारात सोडलेले मधुमेही कुत्रे गटारीचे पाणी पीत, आंधळे होत, दिवसामागून दिवस मरते. ज्याला सांभाळणे जमत नाही त्याने लाज न बाळगता डॉक्टरांकडे जावे, आपली परिस्थिती सांगावी आणि ते सांगतील तो मार्ग धरावा. मात्र त्याआधी शेजारी विचारावे. जे एका घराला जमत नाही ते पुष्कळदा चार घरांना जमते.

ठकी आज

मागच्या महिन्यात मी पुन्हा त्या गावी गेलो होतो. ठकीच्या दोन्ही डोळ्यांत मोतीबिंदू उतरला आहे. औषध चालू असूनही मधुमेही कुत्र्यांत बहुतेकांना तो होतो आणि डॉक्टरांनी आधीच तसे सांगून ठेवले होते. म्हणून मामी घरातले सामान हलवत नाहीत. पाण्याचे भांडे, खाट, खुंटी सारे जागच्या जागी. परड्यात मुंग्या नाहीत. अंगावर मांस धरले आहे.

संध्याकाळचे सव्वासहा झाले. आबांनी म्हशीखालून चरवी काढली आणि दूध किटलीत ओतले. तो आवाज ऐकून ठकी सोप्याच्या कोपऱ्यातून उठली, भिंतीच्या कडेने चालत आली, ठरलेले खाणे खाल्ले आणि खुंटीखाली येऊन उभी राहिली. आबांनी आधी वही उघडून पाहिली. सकाळची नोंद मामींच्या नातीच्या अक्षरात होती; ती सुट्टीला आली आहे आणि सुई द्यायला शिकली आहे.

सुई झाली. आबांनी पेन्सिलीने वेळ लिहिली, किटली उचलली आणि म्हणाले, "चला सायेब, दूध घालून येऊ."